भारंभार गूळ

ताट पुढे ठेवले की माझी नात आधी माझ्याकडे पाही, आणि मग ताटाकडे. दोहोंविषयीचा तिरस्कार तिच्या डोळ्यांत सारखाच असे.

"आला जल्लाद," ती म्हणे.

मी समोरच्या पाटावर बसून स्वतःच्या ताटाभोवती पाणी फिरवी, चित्राहुती घाली आणि जेवायला आरंभ करी. तिने मला काय म्हणावे यावर माझी सत्ता नव्हती. तिचे ताट रिकामे होईपर्यंत समोरून उठायचे नाही, एवढेच माझ्याकडे सोपवलेले होते. एका घासाला ती पुष्कळ वेळ लावी. आमटी गार होई, भाकरी वातड होई. माझे जेवण कधीच संपलेले असे आणि मी वाळलेल्या हाताने तसाच बसून राही.

"तुम्हाला मजा येते ना आबा, मला असं कोंबताना? जन्मभर शाळेत पोरांना संस्कृतचे धातू कोंबले, आता मला भाकरी कोंबता."

"भाकरी लवकर पचते," मी म्हणे. "धातू अजून कोणाला पचलेले नाहीत."

तिला हसू येई, आणि हसू आल्याचा राग येऊन ती अधिकच बोचरे बोले.

हे काम मला जालन्याच्या डॉक्टरांनी नेमून दिले होते. माझी नात संभाजीनगरला महाविद्यालयात शिकत होती. तिथून ती घरी आली तेव्हा तिला न जेवण्याचा आजार जडून पुष्कळ काळ लोटला होता. परंतु आजार आमच्या घरात आजाराच्या वेषात आला नव्हता. तो सोमवारच्या वेषात आला. मग गुरुवार आला, चतुर्थी आली, प्रदोष आला, आणि शेवटी पंचांगात तिच्या जेवणाला तिथीच उरली नाही. आष्टीतल्या आमच्या गल्लीतील बायका तिला आपल्या मुलींसमोर उभी करून दाखवीत. हल्लीच्या काळात एवढी निष्ठा कोणाकडे असते, असे म्हणत. मग एके दिवशी ती देवघराच्या उंबऱ्याशी कोसळली, आणि दवाखान्यात तिच्या हृदयाची गती पाहून डॉक्टरांनी आम्हाला ज्या स्वरात प्रश्न विचारले त्यावरून निष्ठेचा खरा अर्थ आमच्या ध्यानात आला.

डॉक्टर तरुण होते आणि गोड बोलण्याची त्यांना सवय नव्हती. हा मनाचा आजार आहे, त्याने माणसे मरतात, आणि समजावून तो जात नाही, असे त्यांनी सांगितले. ठरलेल्या वेळी ठरलेले अन्न तिच्या पोटात गेले पाहिजे. घरातील एकाने तिच्यासोबत बसून तेच अन्न खाल्ले पाहिजे. घरात कोणीही उपवास करायचा नाही. तिचे वजन फक्त दवाखान्यात होईल, तेही काट्याकडे पाठ करून. आकडा तिला कळता कामा नये. आणि तिच्या शरीराविषयी कोणी एक अक्षर बोलायचे नाही.

"वाईट कोण बोलंल, डॉक्टर? लेकरू हाय आमचं," माझी सून म्हणाली.

"चांगलंही बोलायचं नाही. विशेषतः चांगलं तर नाहीच."

"मंग बोलायचं काय?"

"पाऊसपाण्याचं बोला."

सुनेला घरचे, रानचे आणि शिवणयंत्राचे काम असे. मुलगा नोकरीमुळे जालन्यास राहतो, रविवारी येतो. म्हणून ताटासमोर बसायला मी उरलो. मी निवृत्त संस्कृत शिक्षक आहे. बसून राहणे हा माझ्या विद्येचा अर्धा भाग आहे. मुंज झाल्यापासून मी एकादशी मोडली नव्हती. नातीला दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिलीच एकादशी आली तेव्हा मी स्नानसंध्या आटोपून देवापुढे हात जोडले, आता हे व्रत तुझ्याजवळ ठेव, मला भाकरी खायची आहे, असे सांगितले आणि पाटावर येऊन बसलो.

नातीला तिथी पाठ होत्या. तिने माझ्या ताटाकडे पाहिले आणि तिचा चेहरा उजळला.

"आबा, आज एकादशी. अन् तुम्ही भाकरी खाऊन राह्यले? नरकात जाल."

"जाईन."

"माझ्यासाठी?"

"भाकरीसाठी. गरम आहे."

तिने आपल्या भाकरीला बोट लावून पाहिले. मग म्हणाली, "तुमच्यासारखा ढोंगी म्हातारा मी पाह्यला न्हाई." आणि एक तुकडा मोडून तोंडात घातला.

तिच्या अंगात अन्न परतू लागले ते समप्रमाणात परतले नाही. डॉक्टरांनी याची कल्पना दिली होती. उपासमारीनंतर शरीर आधी चेहऱ्यावर आणि पोटावर साठवण करते, कारण पुन्हा उपाशी ठेवणार नाहीत याचा त्याला विश्वास नसतो. विश्वास बसला की महिन्यांनी ते सर्वत्र सारखे होते. आम्ही हे ऐकले आणि मानलेही. परंतु गल्लीला हे कोण सांगणार? बायका दूध न्यायला, कापड शिवायला टाकायला येत आणि तिला पाहताच त्यांच्या तोंडून माया ओसंडे.

"आगं बाई! अंगाला लागलं की! आता कुठं ओळखू आली."

"गालं बघ कशी टम्म झालीत. दिष्ट काढ गं पोरीची."

माझी मुलगी, म्हणजे तिची आत्या, गावातच दिलेली. ती मनाने निर्मळ आहे आणि तिची जीभ मनाला विचारून चालत नाही. एकदा भरल्या घरात ती म्हणाली, "बरं झालं वहिनी. मधल्या काळात बिचारीला मागनं पुढनं काही उरलं न्हवतं. आता स्थळं बघायला हरकत न्हाई."

नात उठून आत गेली. कात्री चालल्याचा आवाज येत राहिला. संभाजीनगरला घालायची तो तिचा आवडता निळा पंजाबी ड्रेस होता, आणि तो आता तिच्या खांद्यांवरून खाली उतरत नव्हता. तिने त्याचे चौकोनी तुकडे केले, नीट घडी घालून शिलाईच्या चिंध्यांत ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेने त्यांतल्याच एका तुकड्याने ओटा पुसला. नात दारात उभी राहून ते पाहत होती. आईच्या हाताखाली आपले जुने माप ओट्यावरून फिरताना पाहून तिच्या तोंडावर जे समाधान दिसले, त्याचे भय मला आजही आहे.

तरीही ताट रिकामे होत होते. शिव्या खात का होईना, आम्ही दोघे रोज जेवत होतो. दवाखान्यात काट्याकडे पाठ करून ती उभी राहायची, डॉक्टर आकडा पाहून मान हलवायचे आणि आम्ही परतूरमार्गे घरी यायचो. अशा रीतीने हिवाळा गेला.

फाल्गुनात सुनेने मला नवसाची गोष्ट सांगितली. देवघरात मी सहाण धूत होतो. ती दाराशी उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला.

"मामंजी, चैती पुनवेला देवीची जत्रा हाय. नवस फेडायचा हाय."

"कोणता नवस?"

पोरगी दवाखान्यात निपचित पडली होती तेव्हा सुनेने बाहेरच्या बाकावर बसून आमच्या शिवारातल्या देवीला शब्द दिला होता. पोर उठून बसली तर तिच्या भारंभार गूळ वाटीन. तुझ्या दारात, सगळ्या गावासमोर, तराजूत बसवून. पहाटे पोरीने डोळे उघडून पाणी मागितले होते. माझ्या सुनेच्या दृष्टीने या दोन गोष्टींच्या मध्ये सलाईनची बाटली नव्हती, डॉक्टर नव्हते, काहीच नव्हते.

मी सहाण खाली ठेवली. आमच्याकडे ही तुला आनंदाची असते. पाळण्यातली मुले, आजारातून उठलेली माणसे पारड्यात बसतात, दुसऱ्या पारड्यात गुळाच्या ढेपा चढतात, आणि जितके वजन जास्त तितकी देवीची कृपा जास्त, म्हणून गाव ओरडते. ज्या मुलीला स्वतःच्या वजनाचा आकडा विषासमान होता, तिला आम्ही गावासमोर तोलणार होतो, आणि तेही ती वाचली म्हणून.

मी समजावण्याचा यत्न केला. नवस तू बोललीस, तर पारड्यात तू बैस, असे म्हटले. लहान मूल आजारी असेल तर त्याच्या वतीने दुसरा बसल्याचे मी पाहिले आहे, देवी भाव पाहते, असे म्हटले. या कामी शास्त्र आडवे येत नाही, असेही म्हटले. आणि ते खोटे नव्हते, कारण नवस हा शास्त्राचा विषयच नव्हे.

"तुम्ही शास्त्र बोलता मामंजी. मी शब्द दिल्ता. तिचा भार म्हणले, तिचाच भार. देवीला काय सांगू, पोरीच्या जागी मी बसले म्हून? फसवू तिला? अन् मंग तिनं दिलेलं परत नेलं तर?"

"डॉक्टरांना विचारू."

तिने दूरध्वनीवर डॉक्टरांचे सगळे ऐकून घेतले. तो आवाज मलाही ऐकू येत होता. असे कराल तर आजवरचे सगळे कष्ट पाण्यात जातील, असे ते स्पष्ट म्हणाले. सुनेने "बरं" म्हणून मोबाइल ठेवला.

"दागतरानं गोळ्या देल्या. जीव तिनं देला," ती मला म्हणाली. त्या वाक्यापुढे माझी विद्या निरुपयोगी होती. पोर मरेल या भीतीने मी नवस टाळू पाहत होतो, आणि त्याच भीतीने ती तो फेडू पाहत होती.

निकाल नातीनेच लावला. आमचे बोलणे तिने ऐकले होते. ती देवघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मी बसते. आईला नका रडवू आबा."

सुनेने तिला कवटाळले, भाग्याची लेक म्हणाली. आईच्या खांद्यावरून माझी नात माझ्याकडे पाहत होती, आणि त्या डोळ्यांत आईविषयीची माया बिलकुल नव्हती. त्यात हाव होती. डॉक्टरांनी जो काटा तिच्यापासून इतके महिने लपवला होता, तो आता देवी स्वतः तिच्यापुढे आणून टांगणार होती.

पुनव जवळ येत गेली तसतशी ती मला हरवू लागली. माझ्या समोर बसूनच ती कमी जेवू लागली. ते कसे, ते लिहिण्यात अर्थ नाही. आजार फार हुशार असतो आणि मी केवळ विद्वान होतो. एके दुपारी मी तिचा हात धरला आणि म्हटले, "बाळ, हा घास पोटात गेला नाही."

"मंग? मारा."

"पुन्हा वाढून घे."

"गावासमोर मला गुळाच्या पोत्यागत तोलणार, अन् त्याच्या आधी मी चरबी वाढवून ठेवू? इतके दुष्ट तुम्ही सगळे एकाच घरात कसे जमलात?"

मी पुन्हा वाढले. तिने ताट भिंतीवर भिरकावले. वरणाचा ओघळ पंचांगावरून खाली आला. सून धावत आली, तिने ओघळ पाहिला, मला पाहिले आणि पोरीला म्हणाली, "चार दिवस दम धर गं. नवस फिटला की सारं बराबर हुईल." मी तिसरे ताट वाढायला उठलो. त्या दुपारी ती काहीही जेवली नाही, आणि मी तिच्यासमोर संध्येच्या वेळेपर्यंत बसून राहिलो.

मला जे करता येण्यासारखे होते ते मी केले. आठवडी बाजारात धान्य तोलणाऱ्या मापाड्याला घरी बोलावले. जत्रेत तराजू तोच उभा करी. मापाड्याची रीत अशी की प्रत्येक माप तो मोठ्याने पुकारतो. एक म्हणायचे नसते, पहिल्या मापाला लाभ म्हणायचे, मग दोन, मग तीन. मी त्याला सांगितले, पुकारायचे नाही. पोरीची पाठ ढेपांकडे ठेवायची. तोलून झाले की तोंडातून शब्द न काढता पारडे उतरवायचे.

"बिनआवाजाचं माप?" तो डोके खाजवीत म्हणाला. "तसं कधी केलं न्हाई गुरुजी. पण तुम्ही म्हणता तर मुका होतो."

तो शब्दाला जागला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्यात त्याचा दोष नाही.

चैत्रातले ऊन सकाळीच चढले होते. देवीच्या ओट्यासमोर तीन बल्ल्या उभ्या करून त्यांना तराजू टांगला होता. एका बाजूला फडकी अंथरलेले पारडे, दुसरे रिकामे, शेजारी गुळाच्या ढेपांची रास. सुनेने पोरीला नवी हिरवी साडी नेसवली होती. पोळके तिने स्वतः शिवले होते, सैल, खूप सैल, आणि त्यातही ती दोन्ही दंड पदराखाली झाकत होती. हळदकुंकू झाले. ती पारड्यात बसली, ढेपांकडे पाठ करून, देवीकडे तोंड करून. मी तिच्यासमोर, ओट्याच्या पायरीशी उभा राहिलो. ताटासमोर बसतो तसाच.

मापाड्याने पहिली ढेप ठेवली. ओठ घट्ट मिटलेले. क्षणभर सर्वत्र शांतता होती, आणि ती शांतता गावाला सहन झाली नाही.

"आरं मापाड्या, मुका झाला का?" कोणीतरी ओरडले. "पुकार की!"

मापाड्याने माझ्याकडे पाहिले. मी हात वर करून थांबा म्हणालो. तो हात आशीर्वादाचा वाटला असावा.

"लाभाऽऽ!" मागून आवाज आला. बाईचा. तो माझ्या मुलीचा आवाज होता. आनंदाने फुललेला, भाचीच्या आयुष्यासाठी आकाशाला भिडलेला. दुसरी ढेप पडली तेव्हा दहाजणांनी "दोन" म्हटले. तिसरीला सगळी जत्रा म्हणाली. मापाडी गप्प राहिला आणि गाव मोजत गेले.

"टाका, टाका! आमची पोरगी हलकी न्हाई आता!" आत्या म्हणाली.

"मागल्या साली एका ढेपंत भागलं असतं!" एक म्हातारी हसत म्हणाली, आणि त्यावर सगळ्या बायका हसल्या, कारण जे टळले त्यावर माणसे हसतातच. पोरे मोबाइल उंच धरून चित्रीकरण करीत होती. पारडे अजून जमिनीवर होते. "अजून!" लोक ओरडत. "अजून!" प्रत्येक ढेपेला टाळ्या.

माझ्या नातीने डोळे मिटले नाहीत. ती माझ्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ किंचित हलत होते. ती देवीचे नाव घेते आहे असे बघणाऱ्यांना वाटले असेल. ती गावाबरोबर मोजत होती.

शेवटी पारडे उचलले गेले, काटा डळमळला, एक ढेप काढून तिच्या जागी फोडलेला तुकडा ठेवला गेला आणि तुला झाली. ढोल वाजला. सुनेने रडत रडत पोरीला पारड्यातून उतरवले, ढेपेचा एक कोपरा मोडला आणि तो तिच्या तोंडाशी धरला.

"घे माझी बाय. तुझ्याच भाराचा गूळ."

नातीने तो तुकडा हातात घेतला. शांतपणे पाहिला. मग आईला विचारले, फार मोठ्याने नाही, पण जवळच्या सर्वांना ऐकू जाईल असे,

"फिटला नवस?"

"फिटला गं."

"मंग आता मी मेले तरी चालंल ना?"

तिने तुकडा आईच्या तळहातावर परत ठेवला आणि तिची बोटे मिटवली. ढोल चालूच होता. माझी सून मूठ तशीच धरून उभी राहिली. उन्हाने गूळ पाघळून तिच्या मनगटावरून खाली आला तरी तिला ते कळले नाही.

संध्याकाळपर्यंत ती तुला अर्ध्या गावाच्या स्टेटसवर होती. आत्याने खाली फुले आणि हात जोडलेल्या खुणा लावल्या होत्या. मी ते पुसायला सांगितले तेव्हा ती खरोखर चकित झाली. "काय वाईट बोलले हो मी आबा? कौतुकच केलं ना?" आणि ती ओक्साबोक्शी रडली. तिचे म्हणणे खरे होते. त्या दिवशी एकही माणूस माझ्या नातीविषयी वाईट बोलला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला मी ताट वाढले. नात समोर येऊन बसली. बसण्यात तिने कधी कुचराई केली नाही.

"ढेपा मोजल्या मी," ती म्हणाली. "आता तुम्ही बसा जन्मभर."

मी बसलो. त्या रात्री आणि त्यानंतरही. ती शिव्या देईनाशी झाली, आणि मला त्या शिव्यांची आठवण येऊ लागली. शिवी देताना ती निदान माझ्याशी बोलत असे. मी माझे ताट संपवी, वाळल्या हाताने तिच्या ताटासमोर बसे, आणि मनातल्या मनात देवीला म्हणे, तू काहीच मागितले नव्हतेस हे मला ठाऊक आहे. पण ते आता तू या पोरीला सांग.

वैशाख लागताच तिला पुन्हा जालन्यास न्यावे लागले. गाडीत तिचे डोके माझ्या मांडीवर होते. डॉक्टरांनी तिला तपासले, आत घेतले, आणि बाहेर येऊन सुनेला फक्त एवढेच विचारले, "गूळ वाटून झाला?" त्यांनी हे विचारायला नको होते. पण त्या वर्षी आमच्याशी जे बोलायला नको ते प्रत्येकजण बोलत होता, आणि डॉक्टर त्याला अपवाद राहिले नाहीत.

नातीच्या नाकातून नळी घातली होती. दोन दिवस तिने डोळे उघडले नाहीत असे नव्हे. उघडले, पण आमच्यासाठी नाही. तिसऱ्या दिवशी आम्हाला आत सोडले; मुलगा औषधांसाठी बाहेर गेला होता. मी स्टुलावर बसलो. सून पायथ्याशी उभी राहिली. खिडकीबाहेर ऊन रणरणत होते. पोरीचा श्वास चादरीवर जेमतेम दिसत होता, आणि तो पाहता पाहता माझ्या सुनेचे दोन्ही हात आपोआप वर येऊ लागले. पदर डोक्यावर गेला. हात छातीपाशी आले, जुळले. ओठ उघडले.

तिला दुसरे काही येत नव्हते. मी तिला ओळखतो. मुलांच्या तापात, परीक्षांत, माझ्या मोतीबिंदूच्या वेळी, तिने हेच केले होते आणि प्रत्येक वेळी शब्द पाळला होता.

"आई."

नळीमुळे आवाज खरखरीत येत होता. नातीने डोळे पूर्ण उघडले होते.

"हात खाली घे."

सून तशीच उभी राहिली.

"देवीला काही बोलू नको. माझ्यावर काही ठेवू नको आता. जमंल तुला?"

एवढे कठीण मागणे त्या मुलीने आईकडे जन्मात केले नसेल. दवाखान्याच्या खाटेवर लेक विझत असताना देवापुढे हात न जोडणे. काही कबूल न करणे. नुसते उभे राहणे. सुनेने माझ्याकडे पाहिले. मी कोणता आधार देणार होतो? मी म्हणालो, "देवीला दिसते आहे. सांगावे लागत नाही."

हात सुटायला वेळ लागला. एक बोट, मग दुसरे. ते खाली आले तेव्हा ते कुठे ठेवायचे हे तिला कळेना. शेवटी तिने खाटेची लोखंडी कड धरली आणि ती सोडली नाही. ती थरथरत होती आणि तिच्याबरोबर खाट थरथरत होती.

नात आईच्या त्या हातांकडे पाहत राहिली. पुष्कळ वेळाने तिने माझ्याकडे मान वळवली.

"तुम्ही जेवलात का आबा?"

"नाही."

"का? आज काय तिथी?"

"तिथी काही नाही. समोर कोणी बसणारे नव्हते."

तिने डोळे मिटले. सायंकाळी परिचारिकेने नळीसोबत थोडी पेज तोंडाने घेतेस का म्हणून विचारले, तेव्हा ती म्हणाली, म्हाताऱ्याला पण एक वाटी द्या, नाहीतर तो मरेल आणि माझ्या डोक्यावर पाप येईल.

ती आता घरी आहे. तिचे वजन वाढते आहे. किती, ते तिला ठाऊक नाही आणि मलाही नाही, कारण दवाखान्यात मीही आता काट्याकडे पाठ करून उभा राहतो. ती बरी झाली असे मी लिहिणार नाही. आरशावर अजून टॉवेल असतो. पोट सुटल्यासारखे वाटते म्हणून ती बसताना मांडीवर उशी घेते. आत्या येते तेव्हा दारातूनच कपाशीच्या भावाविषयी बोलू लागते आणि दुसरे काही तोंडातून निघू नये म्हणून ओठ चावते. सून सकाळी देवीला फूल वाहते, हात जोडते आणि ओठ मिटून ठेवते. तिचे ते मिटलेले ओठ पाहणे मला कोणत्याही व्रतापेक्षा कठीण जाते.

आज एकादशी आहे. ताटे वाढली आहेत. नात येऊन बसली, उशी मांडीवर ओढली, भाकरीकडे पाहिले.

"जल्लाद," ती म्हणाली. "तिकडं तोंड करा. खाताना बघू नका माझ्याकडं."

मी पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. पंचांगावरचा वरणाचा डाग अजून तसाच आहे. मी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला, आणि मागून भाकरी मोडल्याचा आवाज येण्याची वाट पाहत सावकाश चावत राहिलो. तो आला.